घर खरे, योद्धा खोटा

७ एप्रिल १९७९ रोजी जपानमधल्या नागोया टीव्ही या वाहिनीवर ‘मोबाइल सूट गंडम’ या चित्रमालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. जपानी लोक अशा मालिकांना ‘आनिमे’ म्हणतात. दिग्दर्शक होते योशियुकी तोमिनो. आठवड्याला एक याप्रमाणे ५२ भाग करायचे ठरले होते. पण प्रेक्षक कमी पडले, प्रायोजक कंपनीची खेळणीही अपेक्षेइतकी खपली नाहीत, आणि २६ जानेवारी १९८० रोजी ४३ व्या भागावर मालिका आटोपती घ्यावी लागली. पुढे पुनःप्रक्षेपण झाले, १९८० च्या जुलैपासून प्लॅस्टिकच्या जोडायच्या प्रतिकृती बाजारात आल्या, १९८१-८२ मध्ये याच भागांतून बेतलेले तीन चित्रपट आले, आणि बंद पडलेली मालिका जपानच्या लोकप्रिय कथांमध्ये जाऊन बसली.

विद्यार्थिदशेत आम्ही ते तीन चित्रपट पाहिले होते. त्यातली लढाई तेवढी लक्षात राहिली होती. आता मूळ मालिका तबकड्यांवरून घरी बसून पुन्हा पाहिली. तबकडीची सोय अशी की चित्र थांबवता येते, मागे नेता येते, हाताशी कागद-पेन्सिल असेल तर हिशेबही करता येतो. अशा रीतीने पाहिल्यावर मालिकेचे दोन भाग स्पष्ट वेगळे दिसू लागले. माणसे जिथे राहतात, त्या अवकाशातल्या वसाहतीचे विज्ञान बहुतांशी खरे आहे. जिच्या नावाने मालिका ओळखली जाते, त्या अठरा मीटर उंच लढाऊ यंत्राचे विज्ञान मात्र टिकत नाही. आणि मालिकेला जे काही गंभीरपणे सांगायचे आहे, ते सारे त्या घराच्या आधाराने सांगितलेले आहे.

वर्गात सुचलेले घर

कथेतली वसाहत तोमिनोंच्या कल्पनेतून निघालेली नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जेरार्ड ओनील नावाचे भौतिकीचे प्राध्यापक होते. १९६९ मध्ये त्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न टाकला: वाढत्या तंत्रसंस्कृतीला राहण्यासाठी ग्रहाचा पृष्ठभाग हीच योग्य जागा आहे का? वर्गातली ही चर्चा गणितात शिरली आणि सप्टेंबर १९७४ मध्ये ‘फिजिक्स टुडे’ या मासिकात लेखाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. मालिकेतल्या वसाहती हुबेहूब त्या आराखड्यासारख्या आहेत.

ओनील यांचा सर्वांत मोठा आराखडा असा: सुमारे ६.४ किलोमीटर व्यासाचे आणि ३२ किलोमीटर लांबीचे एक बंद नळकांडे. आतल्या बाजूला जमिनीचे तीन लांब पट्टे, त्यांच्यामध्ये काचेचे तीन पट्टे, आणि बाहेर तीन प्रचंड आरसे. आरशांनी परावर्तित केलेला सूर्यप्रकाश काचांतून आत येतो. आरसे उघडमीट केले की दिवस-रात्र होतात. नळकांडे स्वतःभोवती फिरत राहते, त्यामुळे आतली माणसे भिंतीवर दाबली जातात. ती भिंत हीच त्यांची जमीन.

किती वेगाने फिरवायचे? अकरावीच्या विद्यार्थ्याला हे गणित येते. त्रिज्या ३,२०० मीटर आणि हवे असलेले त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या म्हणजे त्वरण. उत्तर येते सुमारे ११४ सेकंदांना एक फेरी. काठाचा वेग सेकंदाला १७७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६४० किलोमीटर. जमीन मिळते साधारण ३२० चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडी जास्त.

पहिल्याच भागात वसाहतीच्या आतले दृश्य आहे. तिथे आकाशाच्या जागी समोरच्या बाजूची जमीन दिसते. चित्र थांबवून विद्यार्थ्यांना विचारावे, तिथली माणसे खाली का पडत नाहीत? आणखी एक प्रश्न विचारता येतो. अठरा मीटर उंचीवरून दगड सोडला तर तो सरळ खाली पडेल का? नाही. सुटल्यानंतर दगड सरळ रेषेत जातो, पण जमीन फिरत पुढे सरकते. हिशेब केला तर तो सुमारे १.३ मीटर मागे पडतो, म्हणजे फिरण्याच्या उलट दिशेला. पृथ्वीवर हाच परिणाम इतका सूक्ष्म असतो की तो दाखवायला खोल खाणी लागल्या. या नळकांड्यात तो नुसत्या डोळ्यांना दिसेल.

वसाहतींच्या जागाही विचारपूर्वक निवडलेल्या आहेत. पृथ्वी आणि चंद्र यांच्या जोडीत, चंद्राबरोबर फिरत राहूनही जागा न बदलणारे पाच बिंदू असतात. लाग्रांज या गणितज्ञाचे १७७२ चे काम या बाबतीत प्रसिद्ध आहे. सूर्य-पृथ्वी जोडीच्या अशाच पहिल्या बिंदूभोवती आपले ‘आदित्य-एल१’ यान जानेवारी २०२४ मध्ये पोचले. मालिकेत बंड करणारी झिऑन ही वसाहत चंद्रापलीकडच्या दुसऱ्या बिंदूपाशी आहे, आणि जिथे कथा सुरू होते ती सातवी वसाहत पृथ्वीच्या विरुद्ध बाजूच्या तिसऱ्या बिंदूपाशी. इथे एक शंका घ्यायला हवी. पाचांपैकी चौथा आणि पाचवा हे दोनच बिंदू स्थिर आहेत. बाकीच्या तिघांपाशी ठेवलेली वस्तू थोडी ढळली की ढळतच जाते, तिला अधूनमधून इंधन खर्चून जागेवर आणावे लागते. चीनचा ‘चुएछ्याओ’ हा उपग्रह २०१८ पासून चंद्रापलीकडच्या बिंदूभोवती असाच सांभाळला गेला. उपग्रहाचे ठीक आहे. ३२ किलोमीटर लांबीचे शहर कायम असे सावरत राहणे फार खर्चाचे. पण कथेच्या दृष्टीने जागा अचूक आहे. पृथ्वीवरून जे कधी दिसत नाही, त्या चंद्राच्या पाठीमागे असंतोष साठत जातो.

या वसाहतींत माणसे का गेली? पृथ्वीवरची ‘जादा’ लोकसंख्या बाहेर पाठवावी लागली म्हणून, असे निवेदक प्रत्येक भागाच्या आरंभी सांगतो. हे गणित जमत नाही. जगाची लोकसंख्या आज रोज सुमारे दोन लाखांनी वाढते. ती आहे तिथेच ठेवायची म्हटले तरी रोज दोन लाख माणसे वर पाठवावी लागतील. १९६१ पासून आजवर अवकाशात गेलेली सगळी माणसे मोजली तरी हजार भरत नाहीत. तरीही मालिका हा शब्द भोळेपणाने वापरत नाही. जादा कोण हे ठरवणारे स्वतः पृथ्वीवरच राहिले, आणि ज्यांना जादा ठरवले त्यांची मुले पुढे शस्त्र घेऊन उभी राहिली, असा तिचा कथाभाग आहे.

भिंतीला पडलेले भोक

पहिल्या भागात शत्रूची यंत्रे वसाहतीत शिरतात. आमुरो रे हा पंधरा वर्षांचा मुलगा नव्या लढाऊ यंत्रात चढतो, माहितीपुस्तिका वाचत ते चालवू लागतो आणि एका यंत्राचे दोन तुकडे करतो. त्या यंत्राच्या भट्टीचा स्फोट होतो, वसाहतीच्या भिंतीला भोक पडते आणि माणसे-सामान बाहेर ओढले जाते. त्यात आमुरोचे वडीलही असतात.

हे कितपत खरे? भोक दहा मीटर व्यासाचे धरू आणि आतली हवा समुद्रसपाटीच्या दाबाची. निर्वातात उघडणाऱ्या भोकातून हवा फार तर ध्वनीच्या वेगाने बाहेर पडते. विरळ होण्याचा परिणाम धरून प्रत्येक चौरस मीटरमधून सेकंदाला आतली सुमारे २०० घनमीटर हवा जाईल. दहा मीटरच्या भोकातून साडेपंधरा हजार घनमीटर. आकडा मोठा वाटतो. पण नळकांड्यात हवा आहे सुमारे एक लाख कोटी घनमीटर. पहिल्या दिवसात तिचा हजारातला जेमतेम सव्वा भाग जाईल, आणि दाब मूळच्या एकतृतीयांशाच्या जवळ यायला दोन वर्षे लागतील. चित्रपटांत नेहमी दिसते तसे अख्खे शहर क्षणात गुदमरणार नाही.

भोकाजवळचा वारा मात्र खरा. भोकाच्या केंद्रापासून दहा मीटरवर तो ताशी ९० किलोमीटरच्या घरात असेल. पन्नास मीटरवर तीच झुळूक होते, सेकंदाला एक मीटर. म्हणजे जो अगदी जवळ होता तो जाईल, जो रस्त्यापलीकडे उभा होता तो वाचेल. शिवाय हे भोक घराच्या बाजूच्या भिंतीला नसून पायाखालच्या जमिनीला आहे. त्यातून पडणारा माणूस स्पर्शरेषेच्या दिशेने ताशी ६४० किलोमीटर वेगाने निघून जातो. तासाभरात तो पुण्याहून हैदराबादच्याही पलीकडे जाईल इतक्या अंतरावर असेल. त्याला शोधणार कसे? मालिकेने वाऱ्याची अतिशयोक्ती केली आहे, पण भिंत हेच जीवन आहे आणि तिच्या आत गोळी चालवणे म्हणजे काय, हे पहिल्याच वीस मिनिटांत पटवून दिले आहे.

घराचे हत्यार होते

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक वसाहत पृथ्वीवर पाडलेली दाखवतात. युद्धाच्या पहिल्या महिन्याभरात दोन्ही बाजूंनी मिळून निम्मी मानवजात मारली, हे निवेदक एका वाक्यात सांगून टाकतो. यात बॉम्ब कुठला? दारूगोळ्याची गरजच नाही. चंद्राइतक्या अंतरावरून पृथ्वीवर येणारी वस्तू सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने आदळते. तिच्या प्रत्येक किलोग्रॅममध्ये ६ कोटी जूल गतिज ऊर्जा असते. एक किलोग्रॅम टीएनटी स्फोटकाची ऊर्जा सुमारे ४२ लाख जूल. याचा अर्थ त्या घरातली वीट, खुर्ची, झाडाची कुंडी, प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या चौदापट टीएनटीइतकी संहारक आहे. इतक्या उंचीवर घर बांधले तेव्हाच ही ऊर्जा त्यात साठली. ते चुकीच्या दिशेने ढकलणारा कोणी मिळाला की झाले.

दुसरे हत्यार आरशांचे. शत्रूचा तळ जाळण्यासाठी पृथ्वीचे सैन्य असंख्य आरसे अवकाशात मांडते आणि सूर्यप्रकाश एका जागी एकवटते. ज्या युक्तीने वसाहतीत सकाळ होते, तीच युक्ती. पण इथे हिशेब अवघड होतो. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची चकती अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे हजार किलोमीटरवरच्या सपाट आरशाचा कवडसा सव्वानऊ किलोमीटर रुंद पडतो. आरसा कितीही लहान घ्या, कवडसा त्याहून लहान होत नाही. तिथला प्रकाश सूर्यप्रकाशाच्या हजारपट करायचा तर आरशांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर हवे. महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा आरशांनी मढवावा लागेल. तिसरे हत्यार झिऑनचे. तिथले सरकार एका वसाहतीतल्या रहिवाशांना हलवते आणि ते नळकांडे एका प्रचंड किरणशस्त्राची नळी म्हणून वापरते.

घर, त्यातला सूर्यप्रकाश आणि त्याच्या भिंती, तिन्हींची हत्यारे होतात. भागांमध्ये आठवड्याचे अंतर असताना हा धागा सहज निसटतो, सलग पाहिल्यावर तो लपत नाही. मालिकेतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट आम्हांला हीच वाटते.

अठरा मीटरचा योद्धा

आता खुद्द गंडमकडे वळू. उंची १८ मीटर, रिकामे वजन ४३.४ टन, असे त्याचे अधिकृत आकडे आहेत. पावणेदोन मीटर उंचीचा, ६५ किलोग्रॅमचा माणूस घेऊ आणि तो सर्व बाजूंनी सारखा वाढवू. उंची १०.३ पट, तर घनफळ सुमारे १,०९० पट. हाडामांसाचाच असता तरी असा राक्षस ७१ टनांचा भरला असता. गंडम धातूचा असून ४३ टनांचा. याची घनता पाण्यापेक्षा कमी आली. समुद्रात पडला तर तो तरंगायला हवा!

वजन लांबीच्या घनाने वाढते आणि आधाराचे क्षेत्रफळ वर्गाने, ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ मध्ये दाखवून दिली होती. ४३ टन धरले तरी गंडमच्या तळव्याखालचा दाब माणसाच्या सहापट येतो, मऊ जमिनीत तो रुतेल. चालताना आपले धड चार-पाच सेंटिमीटर वरखाली होते. दहापट मोठ्या शरीरात हे अंतर अर्ध्या मीटरचे. छातीत बसलेल्या मुलाला प्रत्येक पावलाला अर्ध्या मीटरचा झोका बसेल. डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ या काळात योकोहामा बंदरात खऱ्या आकाराचा हलणारा गंडम उभा होता. वजन २५ टन. तो हातपाय हलवत असे, पण त्याला कमरेमागून भक्कम आधार दिलेला होता. स्वतःच्या पायांवर तोल सांभाळत तो चालला नाही.

माणसाच्या आकाराचे यंत्र अवकाशात का हवे, या प्रश्नाला मालिकेने एक उत्तर मात्र दिले आहे. ‘मिनोव्हस्की कण’ नावाचे काल्पनिक कण पसरले की रडार आणि रेडिओ निकामी होतात, दुरून नेम धरणारी क्षेपणास्त्रे निरुपयोगी ठरतात आणि लढाई पुन्हा डोळ्यांनी पाहून, जवळून करावी लागते. विज्ञानकथेत अशी एक सवलत घ्यायला हरकत नाही. ती आधी सांगावी आणि नंतर तिचे परिणाम टाळू नयेत, एवढीच अट. या मालिकेत संपर्क तुटतो, जहाजे एकमेकांना चुकतात, दुर्बिणी लावून पाहावे लागते. इथवर ती अट पाळली आहे. पण पुढच्या काळात रचलेल्या स्पष्टीकरणांत याच कणांवर भट्टी, किरणशस्त्रे, जहाजांचे तरंगणे अशी एकेक कामे सोपवली गेली. ज्या कणाने सगळेच साधते, त्याने काहीच समजावून दिले जात नाही. निर्वातात स्फोटांचे आवाज ऐकू येतात, तेही आहेच.

मालिकेचा शेवटचा तिसरा भाग आम्हांला सर्वांत कच्चा वाटला. अवकाशात राहिल्याने काही माणसांत दुसऱ्याचे मन जाणणारी नवी शक्ती येते असे तिथे सांगितले आहे. अवकाशात वस्ती सुरू होऊन कथेत अर्धे शतक झाले आहे, म्हणजे जेमतेम दोन पिढ्या. उत्क्रांती अशी होत नाही, आणि गरज आहे म्हणून नवे इंद्रिय फुटत नाही. युद्ध का होते याचा इतका चांगला विचार केल्यावर त्याचे उत्तर चमत्कारावर सोपवणे ही पळवाट आहे.

एक अभियंता

आमुरोचे वडील टेम रे हे गंडमच्या रचनेतले प्रमुख अभियंता. त्यांची दृश्ये थोडी आहेत, पण विज्ञान शिकवणाऱ्याने ती जरूर पाहावीत. पहिल्या भागात ते एका तरुण अधिकाऱ्याला सांगतात की गंडमचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले की तुमच्यासारख्या कोवळ्या पोरांना लढावे लागणार नाही. हे ते मनापासून बोलतात. काही तासांतच त्यांचा स्वतःचा मुलगा त्या यंत्रात बसतो. मध्ये एक प्रसंग येतो. लोक निवाऱ्याच्या शोधात पळत असताना वडील यंत्र जहाजावर चढवण्याच्या घाईत आहेत, आणि मुलगा ओरडून विचारतो की माणसांपेक्षा यंत्र मोलाचे आहे का?

भोकातून बाहेर फेकले गेलेले टेम रे वाचतात, पण प्राणवायूच्या अभावाने त्यांच्या मेंदूला इजा झालेली असते. ३३ व्या भागात एका तटस्थ वसाहतीत मुलाची आणि त्यांची गाठ पडते. ते मोठ्या उत्साहाने आपण बनवलेला एक सुटा भाग त्याच्या हाती देतात, याने गंडमची शक्ती अनेकपट वाढेल म्हणतात. मुलगा पाहतो, तो भाग केव्हाच कालबाह्य झालेला आहे. तो कसा आहे, कसा जगला, हे वडील विचारत नाहीत. दूरचित्रवाणीवर या दोन प्रसंगांत ३२ आठवड्यांचे अंतर होते. आम्ही ते एकाच संध्याकाळी लागोपाठ पाहिले, आणि मग दिसले की इजा झाल्यानंतरचा माणूस आधीच्या माणसापेक्षा फारसा वेगळा नाही. यंत्राकडे आधी आणि मुलाकडे नंतर पाहण्याची सवय त्यांना आधीपासूनच होती. आमच्या पेशातल्या माणसाचे इतके नेमके चित्र मुलांसाठीच्या मालिकेत क्वचित सापडते.

तबकड्या आणि वर्ग

इंग्रजीतून मिळणाऱ्या तबकड्यांवर ४३ ऐवजी ४२ भागच आहेत. १५ वा भाग दिग्दर्शकाच्या इच्छेनुसार वगळलेला आहे. त्यातली चित्रे फारच ओबडधोबड होती, हे खरे. पण त्या भागात युद्ध सोडून आलेला एक सैनिक बेटावर अनाथ मुलांना सांभाळत असतो. २०२२ मध्ये याच कथेवर योशिकाझु यासुहिको यांनी नवा चित्रपट केला. कालच्या कामातले दोष झाकण्याचा हक्क निर्मात्याला असेलही, पण घराच्या बाजूने उभा राहणारा एक माणूस त्यामुळे गाळला गेला, याची नोंद करायला हवी.

वर्गात दाखवायची तर सगळी मालिका दाखवण्याची गरज नाही. वेळही नसतो. पहिला भाग आणि ३३ वा भाग पुरेत. पहिला भाग दाखवताना तीन ठिकाणी थांबावे: वसाहतीचे आतले दृश्य, भोक, आणि गंडमचे पहिले पाऊल. तिन्ही ठिकाणची गणिते मुलांनी स्वतः करावीत, वरचे आकडे आधी सांगू नयेत. भोकाचा व्यास वीस मीटर धरला तर काय होईल, नळकांडे दहापट लहान असते तर माणसांना चक्कर आली असती का, असे प्रश्न मुलेच काढतील. ३३ व्या भागानंतर मात्र गणित नको. ‘जादा’ माणसे म्हणजे कोण, आणि टेम रे यांचे नेमके काय चुकले, या दोन प्रश्नांवर त्यांना बोलू द्यावे. यंत्र उत्तम बनवले होते, एवढ्यावर बहुतेकांचे एकमत होईल. तिथूनच पुढची चर्चा सुरू करावी.